शिट्टीनंतर कुणी हलायचं नाही

२७ डिसेंबर

नाताळ संपला, हंसाचं मांस संपलं, पाहुणे गेले. आता इतिहासाला सुरुवात करायला हरकत नाही.

सहा फेब्रुवारीला पक्षाचं कॉकस. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कुणाला उभं करायचं, याचा पहिला कौल आम्ही देतो. इतर राज्यांतली माणसं पडद्याआड जाऊन चोरासारखी कागदावर खूण करतात. आम्ही आयोवातली माणसं शाळेच्या जिममध्ये जमतो आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सगळ्या गावादेखत उभे राहतो. जिथे पाय, तिथे मत. ज्या कोपऱ्यात शंभरातले पंधराही जमत नाहीत, तो मोडतो. त्यातल्यांनी अर्ध्या तासात आणखी माणसं ओढून आणायची, नाहीतर मान खाली घालून दुसऱ्याच्या कोपऱ्यात जायचं. अथेन्सनंतर याहून शुद्ध लोकशाही जगाने पाहिलेली नाही.

वेस्ट ब्रनो गावात सिनेटर थेल्मा ऑस्गुड यांच्या कोपऱ्याचा प्रमुख मी, एमिल क्लिमेश. आजच डी मॉइनहून, सिनेटरच्या प्रचार कचेरीतून फोन आला. तिथल्या बाई म्हणाल्या, दुसरं कुणीच तयार होत नाहीये, तुम्ही व्हाल का? मी म्हटलं, देशाने हाक मारली की क्लिमेश घराणं मागे राहत नाही. त्या म्हणाल्या, म्हणजे हो ना?

कोपरा टिकला की त्यातून जिल्हा अधिवेशनाला प्रतिनिधी जातो. तिथे व्यासपीठ आहे. माईक आहे. चारशे खुर्च्या आहेत. मी आयुष्यभर हायस्कूलात वक्तृत्व शिकवलं. समोर कायम जांभया देणारी सोळा वर्षांची पोरं. देवा, एकदाच चारशे खुर्च्या दे.

संकल्प: कोपरा सोडायचा नाही. तत्त्वाशी तडजोड नाही. भाषण एका मिनिटात बसवायचं (नियमच तसा आहे). गोड बंद.

२८ डिसेंबर

भाषण लिहिलं. अर्लीनने अंडी उकडायच्या घड्याळावर लावून बघितलं. एकोणीस मिनिटं. म्हणाली, सुंदर आहे, यातलं कुठलं मिनिट घेणार आहेस? विवाहाला चव्वेचाळीस वर्षं झाली तरी तिच्या विनोदाला धार आली नाही.

मी ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ म्हणताच बस्टर उठून तळघरात गेला. बारा वर्षांचा कुत्रा. वय झालं बिचाऱ्याचं.

३० डिसेंबर

मेबेलच्या कॅफेत डेल स्वोबोडा भेटला. शाळेपासूनचा मित्र, डुकरं पाळतो, पत्त्यांत लबाडी करतो. तो आता गव्हर्नर चेट बॅनिस्टरच्या कोपऱ्याचा प्रमुख! मी म्हटलं, बॅनिस्टर कशाच्या बाजूने आहे, एक तरी वाक्य सांग. डेलने बराच वेळ कॉफी ढवळली. मग म्हणाला, तो जिंकण्याजोगा आहे.

मी म्हटलं, हा काय विचार झाला? डेल म्हणाला, अरे एमिल, मनात ऑस्गुडबाईच आहे रे माझ्या. पण मनाचं काय घेऊन बसलास? माझं मन दहाव्या वर्षी सर्कशीबरोबर पळून जा म्हणत होतं. ऐकलं असतं तर आज डुकरं कुणी बघितली असती? मेबेल आतून ओरडली, सर्कशीतही डुकरं असतात, डेल.

जिंकण्याजोगा! काय शब्द आहे! गुलामी संपवा म्हणणारी माणसं जिंकण्याजोगी होती? बायकांसाठी मताचा हक्क मागणाऱ्या बायका जिंकण्याजोग्या होत्या? हा जनावरांच्या बाजारातला शब्द आहे. माणूस निवडताना आपण त्याचे दात बघणार का? (बॅनिस्टरचे दात उत्तम आहेत. तेच तर म्हणतोय मी.)

संतापाच्या भरात तीन डोनट गेले. ते संकल्पात धरू नयेत.

२ जानेवारी

डेलच्या युक्तिवादाचं मूळ सापडलं. त्याला स्वतःला सिनेटर पसंत आहे, पण ‘दुसरे लोक’ तिला मत देणार नाहीत. ठीक. हे दुसरे लोक कोण, कुठे राहतात, याचा मी छडा लावणार. डेलला नाव सांगायलाच लावलं. म्हणाला, पेट्रोलपंपावरच्या लॉईडला विचार.

अर्लीन हल्ली जिना एकेक पायरी करून चढते. थंडीने असेल.

४ जानेवारी

लॉईड टाकी भरता भरता म्हणाला, मला? मला ती एकदम पसंत. डुकरांच्या कंपन्यांना दम देणारी दुसरी आहे का कोण? पण शेजारच्या ऑल्सनव्हिल गावातल्या नॉर्वेजियनांना नाही चालायची ती. मग मी का मत वाया घालवू? मी त्याला मताचा आणि वाया जाण्याचा संबंध प्राचीन काळापासून समजावून सांगितला. टाकी केव्हाच भरली होती. मागे चार गाड्या होत्या. त्यांनीही हॉर्न वाजवून सहभाग घेतला.

६ जानेवारी

ऑल्सनव्हिलला गेलो. चुलतबहीण इर्मा तिथल्या नॉर्वेजियनाला दिलेली. म्हणाली, अय्या, इथे तर घरोघरी तीच आवडते. पण तुमच्या वेस्ट ब्रनोचे लोक कसले तिला मत देतायत! तो तुझा डुकरंवाला मित्र तर मुळीच देणार नाही. म्हणून आम्ही पण आपलं बॅनिस्टर म्हणतोय.

परत येताना गाडी बर्फात रुतली. डेल ट्रॅक्टर घेऊन आला. मी म्हटलं, डेल, दुसरे लोक सापडले. ते तूच आहेस! डेल म्हणाला, दोर धर.

११ जानेवारी

कॉकसच्या तयारीची बैठक. अध्यक्ष बर्निस कुचेरा. गावातल्या तीन पिढ्यांना तिने जिममध्ये पळवलंय. तिची शिट्टी वाजली की साठ वर्षांचे बाप्येसुद्धा आहेत तिथे थिजतात.

मी ठराव मांडला. गेल्या वेळी मोजणी चालू असताना माणसं अंगाला लोणी चोपडल्यासारखी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकत होती. तेव्हा यापुढे शेवटची शिट्टी झाली की कुणी हलायचं नाही. जो जिथे उभा, तो त्या कोपऱ्याचा. बर्निसने विचारलं, कुणालाच सवलत नाही? मी गरजलो, खुद्द राष्ट्राध्यक्ष आला तरी नाही!

एकमताने मंजूर. अर्लीननेही हात वर केला. डेल म्हणाला, एमिल, तुझी ही शिट्टी कुणाच्या तरी अंगाशी येणार बघ. येऊ दे. बॅनिस्टरची माणसं आहेतच चंचल.

१५ जानेवारी

आयुष्यातला सर्वोच्च दिवस. सिनेटर ऑस्गुड स्वतः गावात आल्या. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सूप आणि सभा. ओळख करून देण्याचा मान माझा. दोन मिनिटं दिली होती. मी पहिल्या वसाहतींपासून सुरुवात केली आणि कुठेही न रेंगाळता सिनेटरच्या जन्मापर्यंत आलो, तोवर त्यांच्या माणसाने घड्याळ दाखवायला सुरुवात केली. पुढच्या गावची सभा होती म्हणे.

सिनेटर उठल्या, माझा हात दोन्ही हातांनी धरला, म्हणाल्या, थँक यू, एमिल. आणि निघाल्या. दुसरा शब्दच फुटला नाही त्यांच्या तोंडून. एवढ्या मोठ्या बाई, पण भारावून गेल्या.

अर्लीनचं म्हणणं, त्या हात धरत नव्हत्या, माईक घेत होत्या. तुम्हीच सगळं बोललात तर ती बिचारी काय बोलणार, असं लॉईडची बायको म्हणाली म्हणे. मी याला स्तुतीच समजतो.

१९ जानेवारी

घरोघरी फोन करायचं काम. कचेरीची सूचना: कमी बोला, ऐका. करून पाहिलं. पण ऐकण्यासारखं कुणी काही बोलतच नाही. ‘बरं’, ‘हो का’, ‘दारावर कुणी आलंय वाटतं’. वेस्ट ब्रनोत एवढ्या लोकांच्या दारावर एकाच दिवशी कोण येतं?

म्हाताऱ्या मिसेस पेचेक यांनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एक शब्द नाही. त्यांना पक्क्या समर्थक म्हणून धरलं. अर्लीन म्हणाली, ती रिसीव्हर ओट्यावर ठेवून भांडी घासते. असो. विचार कानात शिरायला भांड्यांचा अडथळा होत नाही.

२३ जानेवारी

अर्लीन चर्चमधून बातमी घेऊन आली. बायका म्हणत होत्या, ऑस्गुडच्या कोपऱ्यात उभं राहायला आमची ना नाही गं, पण मग एमिलशेजारी तासभर उभं राहावं लागेल.

मुद्दा लगेच लक्षात आला. तासभर उभं राहायचं म्हणजे बायकांचे पाय दुखणार. नेतृत्वाने अशा बारीक गोष्टी पाहायच्या असतात. चर्चच्या तळघरातून सहा घडीच्या खुर्च्या सांगून ठेवल्या. अर्लीनला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. अभिमानाने असेल.

२७ जानेवारी

हिशोब मांडत होतो. कोपरा टिकायला साधारण अठरा माणसं लागतील. माझ्या मोजणीत आत्ताच पस्तीस. पहिलं नाव माझं, दुसरं अर्लीनचं. अर्लीन चष्म्यावरून बघत म्हणाली, मी कुठे उभी राहणार ते विचारलंस का? मी म्हटलं, विचारायचं काय त्यात! ती म्हणाली, सगळ्या गावाला विचारून झालं, ऑल्सनव्हिलपर्यंत जाऊन आलास. घर राहिलं.

मग मी विचारलं. म्हणाली, बघते.

बघते! माझ्या छताखाली एक अनिर्णित मतदार झोपतो!

तिला सिनेटरचा आरोग्याचा कार्यक्रम समजावून सांगितला. प्रत्येक नागरिकाला डॉक्टर, विमा कंपन्यांना लगाम. म्हटलं, हा काही हवेतला प्रश्न नाही, अर्लीन, खऱ्याखुऱ्या माणसांच्या वेदनेचा आहे. ती म्हणाली, हो का? आणि कठड्याला धरून वर झोपायला गेली.

३१ जानेवारी

यश! भाषण एक मिनिटात बसलं. एकही तत्त्व गाळलेलं नाही. फक्त सिनेटरचं नाव बसत नाही. पण प्रसंगावरून लोकांना कळेलच.

४ फेब्रुवारी

आवाज बसला. गॅरेजमध्ये बर्फ उडवायचं यंत्र चालू करून त्याच्यावर आवाज चढवण्याचा सराव करत होतो. प्राचीन वक्ते समुद्रासमोर करायचे. आयोवात समुद्र नाही. यंत्र जिंकलं. एक शब्द फुटत नाही.

५ फेब्रुवारी

अजून मुका. प्रचाराचा सगळ्यांत मोलाचा दिवस वाया. चार जण दारावर आले, मी खुणा करत होतो, अर्लीनने त्यांना कॉफी दिली. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, ऑस्गुडबाई नेमकं म्हणते काय ते विचारायला आले होते. दीड महिना मी काय सांगत होतो मग?

दुपारी बस्टर येऊन माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला. नाताळनंतर पहिल्यांदाच. मुक्या जनावराला मालकाचं दुःख कळतं.

६ फेब्रुवारी, सकाळ

आवाज परत आला! बस्टर तळघरात.

अर्लीन पहाटेपासून खसखशीचे कोलाचे, आमचे चेक गोड पाव, भाजतेय. दोन मोठे डबे. कुठल्या कोपऱ्यात नेणार विचारलं. म्हणाली, बघते. मी एक खाल्ला. दोन.

आजचा संकल्प एकच. कोपरा सोडायचा नाही.

७ फेब्रुवारी, सकाळ

शांतपणे लिहायला हवं. इतिहासकाराने शांत असावं.

जिममध्ये एकशे वीस माणसं. एवढ्यांना कोपरा टिकवायला अठरा लागतात. आमच्या कोपऱ्यात मी, लायब्ररीतली माणसं, मिसेस पेचेक आणि पाच खुर्च्या. मधल्या वर्तुळात अनिर्णितांची ही गर्दी. समोर बॅनिस्टरचा कोपरा गच्च; डेल आजूबाजूच्यांच्या पाठी थोपटत होता. अर्लीन डबे घेऊन अनिर्णितांत बसली. बसली, कारण माझ्याच खुर्च्यांतली एक तिने नेली होती.

माझं भाषण. एवढी गर्दी पाहून मिनिटाचं सोडून मूळचंच घेतलं. अथेन्स झालं, रोम येत होतं, तेवढ्यात बर्निसची शिट्टी. एक मिनिट. मी म्हटलं, बर्निस, रोम! ती म्हणाली, खाली उतर, एमिल.

डेलचं भाषण: आपल्या सगळ्यांनाच दुसरी आवडते. पण जिंकायचंय की नाही? टाळ्या. बसला.

पहिली मोजणी. आम्ही अकरा. माझ्या हिशोबातल्या पस्तिसांपैकी बरेच जण अनिर्णितांत उभे राहून मला हात करत होते. कोपरा मोडीत निघाला होता. अर्धा तास.

अशा क्षणी माणसाची परीक्षा होते. सेनापतीने तंबूत बसायचं नसतं, शत्रूच्या गोटात शिरायचं असतं. मी सरळ बॅनिस्टरच्या कोपऱ्यात गेलो. (कोपरा सोडला असं याला म्हणता येणार नाही. ही चढाई होती.) भिंतीवर बॅनिस्टरचा दातांसकट फोटो. त्याच्याकडे तोंड करून, म्हणजे जिमकडे पाठ करून, मी राहिलेलं रोम घेतलं. मग मध्ययुग. एवढा रंगलो मी क्वचितच. आवाज असा लागला होता की जिममधला दुसरा कुठलाही आवाज मला ऐकू येत नव्हता.

पाठीमागे काय झालं ते मला नंतर लॉईडने सांगितलं. अर्लीन खुर्चीतून उठली, डबे घेऊन हळूहळू आमच्या कोपऱ्यात गेली, बर्निसला म्हणाली मला अर्धं मिनिट दे. आणि म्हणाली, माझा खुबा गेली दोन वर्षं ऑपरेशनसाठी विमा कंपनीच्या परवानगीची वाट बघतोय. ऑस्गुडबाई म्हणते, असं असू नये. मला ती आवडते. तुम्हालाही आवडते, माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलंत सगळ्यांनी. मग हे दुसरे लोक कोण, ते जरा इकडे येऊन मला दाखवा. कोलाचे गरम आहेत.

वक्तृत्व म्हणून अगदीच कच्चं. ना प्रस्तावना, ना दृष्टान्त.

आधी बायका गेल्या. मग त्यांचे नवरे. लॉईड म्हणाला, आम्ही एकमेकांना बघून बघून हसत होतो, अरे, तू पण? तू पण? बॅनिस्टरच्या कोपऱ्यातले म्हणाले, दुसरे लोक तर सगळे तिकडेच चाललेत, आपण इथे कुणासाठी उभे? वर मी तिथे मध्ययुगात शिरलेलो. माझ्या समोरून, बाजूने, मागून माणसं निघून जात होती. मला वाटलं, ऐकायला जागा व्हावी म्हणून सरकतायत.

डेल कुजबुजत होता, एमिल, बास. एमिल, मागे बघ. मी त्याला गप्प केलं.

शिट्टी.

वळलो. अख्खं वेस्ट ब्रनो सिनेटर ऑस्गुडच्या कोपऱ्यात उभं होतं. जिंकलो! मी हात वर करून तिकडे धावणार, तर पुन्हा शिट्टी. बर्निस म्हणाली, शिट्टीनंतर कुणी हलायचं नाही. मी म्हटलं, अगं बर्निस, मी एमिल. मी ऑस्गुडचा! ती म्हणाली, जो जिथे उभा, तो त्या कोपऱ्याचा. कुणाचा ठराव होता?

एकशे दोन माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांतल्या बहुतेकांच्या तोंडात कोलाचे होते.

बॅनिस्टरच्या कोपऱ्यात डेल, डेलचं सासर, त्याच्याकडून डुकरं घेणारे, आणि मी. अठरा. मी नसतो तर सतरा, आणि बॅनिस्टरचा कोपरा मोडला असता. डेलने माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. म्हणाला, एमिल, हे मी कधी विसरणार नाही.

ऑस्गुडला पाच प्रतिनिधी. पहिलं नाव अर्लीनचं, टाळ्यांच्या गजरात. बॅनिस्टरला एक. बर्निसने विचारलं, कोण जाणार? जिल्हा अधिवेशन मार्चमधल्या एका शनिवारी, दिवसभर. डेल म्हणाला, माझ्या डुकरिणी व्यायच्यात. सासरच्यांना लग्न होतं. बाकीचे कोट चढवायला लागले. मग डेल म्हणाला, आपला एमिल आहे ना.

मी गप्प राहिलो. अर्लीन म्हणते, तिने मला एवढा वेळ गप्प राहिलेलं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढून सगळी तत्त्वं गेली. मग व्यासपीठ गेलं. मग माईक. मग खुर्च्या.

लोकेच्छेपुढे व्यक्तीची आवडनिवड गौण असते. मी स्वीकारलं.

९ फेब्रुवारी

गावच्या वर्तमानपत्रात फोटो. मी बॅनिस्टरच्या दातांखाली, हात वर. खाली छापलंय: गव्हर्नरचे निष्ठावंत.

अर्लीनला म्हटलं, दोन वर्षं खुबा दुखतोय, बोलली का नाहीस? ती म्हणाली, बोलले. दोनदा तू म्हणालास, हे भाषणात घेता येईल.

१४ फेब्रुवारी

बॅनिस्टरविषयी वाचन सुरू केलं. माझा आधीचा अभ्यास एकांगी होता, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. जिंकण्याजोगं असणं म्हणजे तरी काय? लोकांना हवं ते होणं. आणि लोकांना हवं ते होणं हीच लोकशाही. म्हणजे ज्याचं स्वतःचं काहीच मत नाही, त्याच्याइतका शुद्ध लोकशाहीवादी कोण? आश्चर्य वाटतं, हे कुणाला कसं सुचलं नाही.

भाषणाचं नाव: ‘जिंकणं हेही एक तत्त्वच’. सध्या सव्वीस मिनिटं.

१९ फेब्रुवारी

अंगणात डेलने दिलेली बॅनिस्टरची पाटी ठोकली. फाटकाच्या त्या बाजूला अर्लीनने माझीच जुनी ऑस्गुडची पाटी ठोकलीय. टपाल टाकणारी बाई म्हणाली, तुमच्या घरात निवडणूक चालू आहे वाटतं. अर्लीन म्हणाली, नाही, लागला निकाल.

२४ फेब्रुवारी

कॅफेत डेलला गव्हर्नरच्या आर्थिक विचारांची तीन सूत्रं सांगितली. डेलने आ वासला. म्हणाला, एवढे विचार आहेत त्याचे? त्याला माहितीयेत का? मग इकडेतिकडे बघत म्हणाला, खरं सांगू का एमिल, अजूनही मनात ऑस्गुडबाईच आहे रे. शिट्टी जरा उशिरा झाली असती ना... मी त्याला म्हटलं, डेल, निष्ठा नावाची काही चीज असते. मेबेल आत जाऊन हसली.

भाषण चौतीस मिनिटं. जिल्ह्याला पत्र पाठवलं, मला शेवटी बोलू द्या. माझ्यानंतर बोलणाऱ्यावर अन्याय व्हायला नको.

३ मार्च

गव्हर्नर चेट बॅनिस्टर यांनी शर्यतीतून माघार घेतली.

टीव्हीवर आले. दात दिसले. म्हणाले, लोकांचं माझ्यावर प्रेम आहे हे मला ठाऊक आहे, पण दुसरे लोक मला मत देणार नाहीत असं त्या सगळ्यांना वाटतं. एका वाक्यात उरकलं. चौतीस मिनिटांची माझी मांडणी, आणि ज्याच्यासाठी मांडली तो पाव मिनिटात घरी गेला.

डेलला फोन केला. म्हणाला, डुकरीण व्यायलीय, नंतर बोलू.

५ मार्च

जिल्ह्याच्या कचेरीत चौकशी केली. उमेदवारच उरला नाही तर त्याच्या प्रतिनिधीने काय करायचं? बाई म्हणाल्या, या ना तुम्ही, दुसऱ्या कुठल्याही गटात उभं राहता येतं. त्या गटाने घेतलं तर. मी विचारलं, आणि भाषण? त्या म्हणाल्या, ज्याचा उमेदवार आहे त्याला. दारावर कुणी आलंय वाटतं.

७ मार्च

दोन दिवस विचार केला. जेवताना सहज विषय काढल्यासारखं अर्लीनला विचारलं, तुमच्या कोपऱ्यात जागा आहे का?

ती म्हणाली, बाकीच्यांना विचारावं लागेल.

८ मार्च

विचारलं तिने. म्हणाली, उभं राहायला जागा आहे. बोलायला नाही.

१० मार्च, सकाळ

जिल्हा अधिवेशन. अर्लीन पाच मिनिटं बोलणार आहे. वक्त्यांच्या यादीत पहिलंच तिचं नाव. मला काम आहे. विमा कंपनीचा खुब्याबद्दल अजून होकार नाही. तिला दिवसभर टेकायला चांगली खुर्ची लागेल. चर्चमधून मागवलेल्या सहांपैकी एक मी सांभाळून गाडीत ठेवली. चारशे खुर्च्या तिथे आहेतच. चारशे एकावी मी नेतोय.

बर्फ वितळायला लागलाय. डेल फाटकाशी येऊन अर्लीनला म्हणाला, जोरात बोल गं. मला म्हणाला, तू नको.

बस्टर काय झालं कुणास ठाऊक, आपणहून उडी मारून मागच्या सीटवर बसला. अर्लीन म्हणाली, येऊ दे त्याला. किल्ली फिरवली. आणि निघण्याआधी, काही बोलायचं म्हणून नव्हे, मी नुसता घसा साफ केला.

बस्टर उतरला.